व्याह्यांचा अर्धा डाव

वरवट बकाल,
ता. ९ ऑगस्ट १९६४

श्रीयुत हिंमतराव यांस व्याही किसनरावाचा रामराम.

इकडे सगळं ठीक आहे. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली. तुमची कोकिळा खुशाल आहे. पाचवा महिना लागला, चिंचेची बरणी तिच्यापासून लपवून ठेवावी लागते.

तुम्ही विचारलंत, हल्ली काय खेळता? सोंगट्या मी सोडल्या. सोंगट्यांत खरं तर कवड्याच खेळतात, माणूस नुसता हात हलवतो. मेंढीकोट बरा, पण त्याला जोडीदार लागतो, आणि आमच्या गावचे जोडीदार हुकमाचं पान हातात आलं की खोकतात. ग्रामपंचायतीत नवा कॅरम आला आहे. पोरं त्यावर एवढी पावडर ओततात की खेळून उठलेला माणूस गिरणीतून आल्यासारखा दिसतो. राहता राहिलं बुद्धिबळ.

लग्नात जानवशावर आपण मांडलेला डाव आठवतो ना? आमची बस सुटायची वेळ झाली आणि तो अर्धा राहिला. पट मी तेव्हाच कागदावर उतरवून घेतला होता. तुमचा वजीर, दोन्ही हत्ती, घोडा जिवंत आहेत. माझा वजीर आधीच गेला आहे. तोच डाव आपण टपालाने पुरा करू. एका कार्डावर एक खेळी.

आणि एक नाजूक गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे. पण मोठ्या सुनेचं, शालूबाईचं, मूल माहेरच्या वाटेवर गेलं, तेव्हापासून आमच्या सौ. मनकर्णाबाई म्हणतात, "सून कुठीबी जाणार नाही." त्यांच्यापुढे मी काय बोलणार? म्हणून म्हणतो, डावावर सोडू. तुम्ही जिंकलात तर पोर दिवाळीच्या आधी माहेरी. मी जिंकलो तर बाळंतपण इथंच. डावात दिलेला शब्द आमच्या घरात बायकासुद्धा मोडत नाहीत.

आपला,
किसनराव


दुसरबीड,
ता. १६ ऑगस्ट १९६४

श्रीयुत किसनराव यांस सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. आपण कॅरमला खेळात धरता हे वाचून आश्चर्य वाटलं. टिचकी मारणं हा खेळ असेल तर माशी हाकलणं हाही खेळच. आमच्या गावीही तो लाकडी चौकोन आला आहे. मी त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही.

बुद्धिबळाचं म्हणाल तर मी सध्या तोच एक खेळ खेळतो, आणि गावात कुणी समोर बसायला तयार नाही. परवा तालुक्याहून एक कारकून आले होते. त्यांना अकराव्या खेळीत मात दिली. त्यांनी चहा अर्धा सोडला.

अट मान्य. मात्र खेळ आपल्या देशी रीतीने. प्यादं एका वेळी एकच घर चालेल, आणि शेवटच्या घरात पोचलं की ज्याचं घर असेल तो मोहरा होईल. ते विलायती दोन-दोन घरांचं आमच्याकडे चालत नाही. दिलेली खेळी परत घ्यायची नाही.

कोकिळेच्या आईने खोली सारवायला काढली आहे. दिवाळीपर्यंत थांबायची गरज पडेल असं वाटत नाही. माझा उजवा हत्ती तीन घरं पुढं. सांभाळा.

आपला,
हिंमतराव


वरवट बकाल,
ता. २० सप्टेंबर १९६४

श्रीयुत हिंमतराव यांस रामराम.

तुमचं १४ तारखेचं कार्ड मिळालं. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. तुम्ही वजीर माझ्या हत्तीच्या तोंडात आणून ठेवला आहे! घाईत लिहिलंत का? चार खेळ्या तुम्ही मला पळता भुई थोडी केली होती आणि आता हे काय?

तुम्ही खेळी परत घ्या. मी काही म्हणणार नाही. रीत गेली खड्ड्यात, आपण व्याही आहोत.

खरं सांगायचं तर माझी पंचाईत झाली आहे. आमचा पोस्टमन कार्ड हातात द्यायच्या आधी ओसरीवर मोठ्याने वाचतो. आता अर्ध्या गावाला डाव पाठ आहे. लोक म्हणतात, "किसनराव, घ्या बे तो वजीर, पाह्यता काय!" त्यांच्यासमोर मी तो कसा सोडू? तेव्हा लवकर कळवा.

आपला,
किसनराव


दुसरबीड,
ता. २६ सप्टेंबर १९६४

श्रीयुत किसनराव यांस सप्रेम नमस्कार.

खेळी म्हणजे शब्द. परत घेत नाही. वजीर खुशाल घ्या. आपल्या हत्तीचा तो मोठा डाव माझ्या ध्यानातच आला नाही. आपण फार खोल खेळता, हे मी चारचौघांत सांगत असतो.

पुढची खेळी: घोडा मागे, स्वतःच्या घरी.

आपला नम्र,
हिंमतराव


वरवट बकाल,
ता. १ आक्टोबर १९६४

ती. सौ. आईस कोकिळेचा शि. सा. नमस्कार.

पट ओसरीवर पाटावर मांडलेला असतो. त्यावरची धूळ पुसायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून सगळा डाव मला रोज दिसतो. बाबांनी वजीर फुकट दिला. काल आलेली घोड्याची खेळीसुद्धा वेडीवाकडी आहे. बाबांनी मला मांडीवर बसवून बुद्धिबळ शिकवलं तेव्हा असा घोडा मागे घेतला की ते माझ्या डोक्यात टपली मारायचे.

बाबांना बरं नाही का? की त्यांना मी तिकडे यायला नको आहे? तसं असेल तर स्पष्ट लिही. मी इथं रोज पट पुसताना आपली घरी जायची वाट किती उरली ते मोजते, आणि ती वाढतच चालली आहे.

तुझी,
कोकिळा


दुसरबीड,
ता. ६ आक्टोबर १९६४

कोकिळाबाईले आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं आली तशी लिवून राह्यली, चुकलं तं समजून घेजो.

तुह्या बाबाले काई झालं नाही. ते मुद्दाम हरून राह्यले. गणपतीत तुहे मोठे काका उकंडराव आले होते. पट पाह्यला अन् म्हणे, "हिंमत, तू पोरीचा बाप. लग्नात व्याह्याचे पाय धुतले अन् आता त्याले मात देतं का बे? तो तुह्यासमोर हासून घेईन अन् राग काढीन पोरीवर." झालं. तवापासून तुह्या बाबाचं जेवणात ध्यान नाही. दुसऱ्याच दिवशी वजीर देऊन टाकला.

मी म्हटलं, "जिंका न, माही पोर घरी येईन." तं मले म्हणते, "तू गप ऱ्हाय, तुले बुद्धिबळातलं काय समजते?" मले बुद्धिबळातलं नाही समजत. पोर घरी येनं अन् न येनं एवढं समजते. खोली सारवून ठेवली होती, ते आता पोपडे धरून राह्यली.

सासरी कोणाले सांगू नको. हे पत्र चुलीत टाक.

तुही आई,
सुभद्रा


दुसरबीड,
ता. २० आक्टोबर १९६४

श्रीयुत किसनराव यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या तीन खेळ्यांचा अर्थ मला लागत नाही. आपण उंट दिलात. मग घोडा दिलात. आता आपला हत्ती माझ्या प्याद्यासमोर मान खाली घालून उभा आहे. हा काही सापळा आहे हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. मी तो हत्ती घेणार नाही. त्याऐवजी माझा हत्ती आपल्या उंटासमोर ठेवतो आहे.

आपल्या आग्रहावरून एकदा कॅरम खेळून पाहिला. तासभरात माझीच सोंगटी मी सात वेळा भोकात घातली. लोक म्हणाले, जन्मतःच जमलं आहे. या खेळात स्वतःचं नुकसान करायला इतकी सोय आहे, हे मला माहीत नव्हतं. माझं त्याविषयीचं मत थोडं सुधारलं आहे.

कोकिळेस आशीर्वाद.

आपला,
हिंमतराव


वरवट बकाल,
ता. ९ नोव्हेंबर १९६४
(हे बंद पत्र आहे. एकट्याने वाचावं.)

हिंमतराव,

दिवाळी झाली. पोर इथंच आहे. डोहाळजेवण इथंच केलं. हिरवी साडी नेसून बसली, पाच पक्वान्नं पुढ्यात होती आणि तिने दोन घास कसेबसे खाल्ले. बायका म्हणाल्या, आईची आठवण येते.

आता मी मान बाजूला ठेवून बोलतो. तुम्हाला स्वतःची मुलगी जड झाली आहे का? दोन हत्ती दिलेत, घोडा दिलात. मी उंट दिला तर तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवता. मी हत्ती तुमच्या प्याद्याच्या नाकासमोर आणून ठेवतो तर तुम्ही म्हणता, सापळा आहे. अहो, कसला सापळा? मला बुद्धिबळातलं एवढं येत असतं तर लग्नात माझा वजीर गेला असता का?

मी हा डाव मांडला तो हरण्यासाठी. अर्धा डाव मुद्दाम निवडला, कारण त्यात मी आधीच हरत होतो. मनकर्णाबाईंना तोंडावर "पोरीला पाठव" म्हणायची माझी छाती नाही. मला वाटलं, डावात हरलो की मी म्हणेन, "काय करू, शब्द दिला होता." पोर घरी जाईल आणि माझंही घर शांत राहील. तुम्ही तर मला हरूही देत नाही!

किसनराव


दुसरबीड,
ता. १४ नोव्हेंबर १९६४
(बंद पत्र)

किसनराव,

आपलं पत्र वाचून मी शेताच्या बांधावर जाऊन बसलो. घरात बसायची सोय नव्हती, सुभद्राबाई एकेक भांडं आपटून ठेवत होत्या.

मुलगी जड झाली असती तर मी आरामात जिंकलो असतो. आपल्याला मात देऊन बसलो असतो आणि पुढं तिचं काय होईल याची फिकीर केली नसती. मी मुलीचा बाप आहे. आपल्याला हरवलं, आपल्या गावासमोर हरवलं, आणि त्याचा सल तिच्या ताटात उतरला तर? आमच्या दादांनी हे बोलून दाखवलं आणि माझा हात पटावर चालेना. चाळीस वर्षं खेळतो आहे, किसनराव. वाईट खेळणं किती अवघड असतं ते मला आत्ता कळलं. तो वजीर आपल्या तोंडात नेऊन ठेवताना मला रात्रभर घाम सुटला होता.

आपणही हरायला बसला आहात, हे मला सुचलंच नाही. आपण मला फार मोठे खेळाडू वाटत होतात.

आता काय करायचं ते सांगा.

हिंमतराव


वरवट बकाल,
ता. २० नोव्हेंबर १९६४
(बंद पत्र)

हिंमतराव,

आता तुम्ही जिंकायचं. दुसरा रस्ता नाही. पण जिंकायचं कशाने? आपल्या दोघांच्या सौजन्याने पट झाडून स्वच्छ झाला आहे. तुमच्याकडे राजा आणि कोपऱ्यातलं एक प्यादं. माझ्याकडे राजा, एक हत्ती, दोन प्यादी. हत्ती मी पुढच्याच कार्डात तुमच्या राजाच्या पायाशी ठेवतो, कृपा करून घ्या. प्यादीही देतो. मग तुमचं प्यादं सहा घरं चालून हत्ती होईल आणि मला मात देईल.

आता हिशेब बघा. तुमच्या देशी रीतीने एका खेळीला एक घर. कार्डाला जायला चार दिवस, यायला चार. सहा घरांना दीड महिना उलटतो. नववा महिना लागायला आला आहे. दीड महिन्याने तिला एस.टी.त कोण बसवणार?

खेळ्या गाळता येत नाहीत, पोस्टमन कार्ड वाचतो आणि म्हातारे पटाभोवती बसून मोजतात. तारेने खेळी कळवावी म्हटलं तर तार आलेली पाहून बायका आधी रडायला बसतील आणि मग विचारतील कोण गेलं. विलायती रीतीने प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं चालवा म्हणून मी ओसरीवर विषय काढून पाहिला. सगळे म्हणाले, "व्याह्यावर मेहेरबानी कराले रीत बदलवता काय?"

तरी चालवा. लवकर चालवा.

किसनराव


दुसरबीड,
ता. ९ डिसेंबर १९६४
(कार्ड)

हत्ती गेल्या कार्डात घेतला. आभारी आहे. आता प्यादं एक घर पुढं. पोस्टमास्तरांना विनंती करून हे कार्ड सकाळच्याच थैलीत टाकलं आहे.

हिंमतराव


वरवट बकाल,
ता. २० डिसेंबर १९६४
(कार्ड)

कळवण्यास आनंद होतो की काल सकाळी कोकिळा सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी खुशाल. मी लिहितो आहे तोच पोस्टमन खांद्यावरून हे कार्ड वाचून सगळ्यांना सांगतो आहे, त्या गडबडीत खेळी लिहायचं राहिलं.

किसनराव


वरवट बकाल,
ता. २ जानेवारी १९६५

ती. बाबांस कोकिळेचा शि. सा. नमस्कार.

मुलगी तुमच्यावर गेली आहे. दूध पाहिजे असलं तरी आधी कपाळाला आठ्या घालते.

तुम्ही हरत होता ते माझ्या भल्यासाठी, हे मला आक्टोबरातच कळलं होतं. मामंजी हरत होते तेही मला दिसत होतं, कारण ते हत्ती ठेवताना माझ्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. मी दोघांनाही एक शब्द बोलले नाही. सुनेने सासऱ्याच्या खेळीवर बोलू नये, मुलीने बापाच्या. म्हणजे मान राखायच्या या खेळात मीसुद्धा तुमच्याच पंक्तीला बसले होते, आणि मला त्याचा राग येतो.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी आईला हाका मारत होते. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "इतकी माय पाह्यजे होती तं बोलली काऊन नाही?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, सून जाणार नाही म्हणून. तर त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "मले रस्त्याचं भेव होतं व बाई. मले येऊन कोणी इचारलं असतं तं मीच तुह्यासंग दुसरबीडले आली असती, दोन महिने तिथं राह्यली असती. या माणसायनं मले सोडून समद्यायले इचारलं. पोस्टमनले बी इचारलं."

बाबा, चार महिने दोन शहाणी माणसं एकमेकांच्या पायाशी मोहरे ठेवत बसली. तुम्ही माझ्यासाठी हरलात, मी मानते. पण मला रोज तो पट पुसताना एकच वाटायचं. कुणीतरी एकदा, एका कार्डात तरी, मला घरी न्यायला जिंकायचा प्रयत्न करावा. मला मान नको होता. मला तुम्ही जिंकलेले पाहायचे होते.

आज सकाळी मी तो डाव पटावरून उचलला. मोहरे ठेवायला मामंजींनीच डबी पुढं केली.

हिलाही एक दिवस कुणाच्या घरी द्यावं लागेल. तेव्हा तुम्ही पट मांडाल आणि मला हेच सगळं पुन्हा पाहावं लागेल, याची मला भीती वाटते. म्हणून त्याआधी मला तुमच्याशी एक डाव खेळायचा आहे. हरायचं मनात असेल तर मात्र येऊ नका.

तुमची,
कोकिळा


दुसरबीड,
ता. ८ जानेवारी १९६५

चि. कोकिळेस,

तुझं पत्र तुझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवलं. अडखळत, एकेक अक्षर लावत वाचलं, म्हणून मला ते नीट ऐकावं लागलं. वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी करून ठेवली. भांडी आपटली नाहीत.

मी चुकलो. हे मी आजवर पटावर कुणाला म्हटलेलं नाही.

मंगळवारी सकाळच्या मेहकरच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. मेहकरला आणि खामगावला गाडी बदलू. नात झाली, आता तुझ्या घरचं पाणी प्यायला आम्हाला आडकाठी नाही. दादा उकंडराव विचारत होते, व्याह्यांसाठी काय नेणार. मी त्यांना म्हटलं, तुम्ही घरीच थांबा.

मनकर्णाबाईंना माझा नमस्कार सांग. बाळाला न्यायचं कधी, कसं, हे मी त्यांनाच विचारणार आहे, त्यांच्यासमोर बसून.

पट ओसरीवर मांडून ठेव. पोस्टमनला बोलाव, म्हाताऱ्यांना बोलाव, सगळ्या गावाला बघू दे. वजीर देणार नाही, दिलेली खेळी परत घेऊ देणार नाही, आणि तू बाळंतीण आहेस म्हणून एक प्यादंही सोडणार नाही.

मी तुला हरवायला येतो आहे.

तुझा,
बाबा